स्वच्छ केलेली गाणी

ते यंत्र मला पहिल्या दिवसापासून आवडले नाही. हे आरंभीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढच्या मजकुरात वाचकाने माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा धरू नये. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, पुढे एकच गोल बटण, मागे तारा जोडण्याची छिद्रे. माझ्या भाच्याने ती पुण्याहून पाठवली. तिला नेटवर्क प्लेअर म्हणतात. राउटरला जोडलेल्या डिस्कमधली गाणी ती घरातल्या वायफायवरून स्वतःच घेते आणि स्पीकरवर वाजवते. त्यासाठी कॉम्प्युटर चालू असावा लागत नाही. ही शेवटची गोष्ट भाच्याने मला फोनवर तीनदा सांगितली. कॉम्प्युटर माझा होता.

मी रिसोड तालुक्यात एकतीस वर्षे शिक्षक होतो. माझी थोरली बहीण, जिला मी बाई म्हणतो, आमच्याच वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावजवळ दिलेली. तिच्या सासरच्या गावात भुलाबाईची गाणी तिच्याशिवाय सुरू होत नसत. आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली आणि बाया रोज संध्याकाळी मातीच्या भुलाबाईपुढे टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात. रोजच्या शेवटी निरोपाचे गाणे झाले की खिरापतीचा झाकलेला डबा हलवला जातो आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचे असते. मी दरवर्षी दोनतीन संध्याकाळी टेपरेकॉर्डर घेऊन तिथे जात असे. निवृत्तीनंतर दोन वर्षे बसून मी त्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. एकूण तीनशे चाळीस गाणी झाली. प्रत्येकाला वर्ष, गाव आणि हजेरीपटाप्रमाणे क्रमांक दिला.

गेल्या वर्षी बाई माझ्याकडे राहायला आली. काचबिंदूने तिची नजर पूर्ण गेली होती, आणि ज्या जावेबरोबर तिने एका स्वयंपाकघरात चाळीस वर्षे रोज भांडून काढली ती जाऊ वारली होती. मुलाकडे पुण्याला जाण्यास तिने साफ नकार दिला. तिथे कोणाशी बोलावे, असे तिचे म्हणणे. माझ्याशी ती फार बोलत असे असे नाही. पण गाणी ऐकायला तिला हवी असत.

ऐकण्याची आमची पद्धत ठरलेली होती. दिवेलागणीला ती मला हाक मारी. मी कॉम्प्युटर चालू करी, त्याचे अपडेट वगैरे आटोपेपर्यंत दोघेही थांबत असू. मग मी गाण्याचे वर्ष सांगे, गाणे लावी, ते संपल्यावर कोणत्या कडव्यात टाळी चुकली ते तिच्या लक्षात आणून देई, आणि पुढचे लावी. दहा गाणी झाली की बंद. जास्त ऐकल्याने लक्ष राहत नाही, हा माझा वर्गातला अनुभव.

एकदा पेन्शनच्या कामाने मी वाशीमला गेलो आणि परतायला उशीर झाला. घरी आलो तेव्हा बाई कॉम्प्युटरपुढे खुर्चीवर बसलेली होती. पडदा काळा होता. तिचा हात माउसवर होता. किती वेळ ती तशी बसली होती ते तिने सांगितले नाही. आपल्या मुलाला मात्र सांगितले असावे, कारण पंधरा दिवसांत ती काळी पेटी आली.

भाच्याशी माझे जे वाद झाले ते इथे सगळे देत नाही. व्हरांड्यातल्या फळ्यावर मी दोन रकाने आखले होते आणि फोनवर त्याला ते वाचून दाखवले. कॉम्प्युटरवर गाणे कापता येते, नाव बदलता येते, खरखर काढता येते; या पेटीत फक्त वाजवता येते. जे यंत्र चूक दुरुस्त करू देत नाही ते अपुरे यंत्र होय. भाचा शिकलेला, पण माझ्याशी बोलताना वऱ्हाडीवर येतो.

"मामा, आईले गाणे आयकाचे हायेत," तो म्हणाला. "तपासाचे नाईत."

त्यावर मी त्याला, तुझ्या आईला जी गाणी मिळाली ती कोणामुळे, असे विचारले. तो म्हणाला, तुमच्यामुळेच, म्हणून तर रोज तुमची परवानगी मागावी लागते. मी फोन ठेवून दिला. तरीही न्यायाने वागायचे म्हणून पेटीची पंधरा दिवस परीक्षा घेण्याचे मी मान्य केले. पेटी नापास होणार याविषयी मला शंका नव्हती.

पहिल्याच दिवशी ती नापास झाली, असे मला वाटले. बाईने बटण फिरवले, पहिले गाणे लागले, आणि त्याच्यामागून दहावे. म्हणजे भुलाबाईला निरोप देण्याचे. पेटीला आकडे समजत नव्हते; ती एकामागून दहा, दहामागून शंभर, एकशे एक असे घेत होती आणि दोनवर फार उशिरा येणार होती.

"आली नाई तं बोळवलं भुलाबाईले," बाई म्हणाली. "एवढी घाई तं माह्या जावेलेई नोयती."

मी मोठ्या समाधानाने भाच्याला फोन लावला. त्याने शांतपणे सांगितले की क्रमांक तीन आकडी लिहा, एकच्या आधी दोन शून्ये द्या, पेटी सुधारेल. एकतीस वर्षे हजेरीपट लिहिलेल्या माणसाला क्रमांक कसे घालावेत हे त्याने शिकवावे, हे मी विसरलेलो नाही. चार दिवस बसून मी तीनशे चाळीस नावे पुन्हा लिहिली. पेटी सुधारली. त्यामुळे मला तिचा अधिकच राग आला.

पाचव्या दिवशी, दुपारी, बाईने मला न विचारता बटण फिरवले. शेजारच्या शेतात सोयाबीनचे मळणीयंत्र चालू होते, तरी व्हरांड्यात बसून मला सगळे ऐकू येत होते. एक गाणे, दोन सेकंदांची शांतता, दुसरे गाणे. मध्ये सांगणारे कोणी नाही, थांबवणारे कोणी नाही. एका संध्याकाळची संपूर्ण गाणी तिने प्रथमच सलग ऐकली. निरोपाचे गाणे झाले. मग दोन सेकंद शांतता, आणि पुढच्या संध्याकाळचे पहिले गाणे सुरू झाले. तिने पेटी बंद केली आणि मला हाक मारली.

"डबा कोठी हाय रे?"

मी विचारले, कोणता डबा?

"खिरापतीचा. आयकू काहून नाई आला? गाणे झाले का डबा वाजे ना."

मी तिला नीट समजावून सांगितले. कॅसेटवर गाण्यांच्या मधे पुष्कळ अनावश्यक आवाज होता. खोकणे, हसणे, मुलींची भांडणे, चुकलेली सुरुवात, डब्याचा खडखडाट. ते सगळे मी कापून काढले आणि निव्वळ गाणी ठेवली. प्रत्येक गाणे स्वच्छ केले आहे, असे मी म्हणालो. कॉम्प्युटर नसता तर हे शक्य झाले नसते, हेही म्हणालो.

तिचे बोट अजून बटणावर होते.

"अन् माही जाऊ?"

"त्या गात कुठे होत्या?" मी म्हणालो.

"नाईच गात. तिले सूर कुठं होता. डबा हालला का म्हने, गोटे हायेत याच्यात, हिच्या माहेरचे. दरसाल तेच म्हने, अन् दरसाल साऱ्या हासत." ती माझ्या दिशेने वळली. "मी रोज तुह्यापाशी काय आयकाले बसत होती, तुले काय वाटलं? माहाच आवाज?"

तेव्हा मला उलगडा झाला. तिला इतके दिवस वाटत होते की जावेची ती बोलणी रेकॉर्डिंगमध्ये आहेत, मी दहा गाण्यांवर थांबतो म्हणून तिथवर पोचत नाही, आणि आपल्या हाताने वाजवता आले की पोचेल. म्हणून तिला पेटी हवी होती. आणि जी जाऊ कधी गायली नाही, केवळ बोलली, ती माझ्या नियमाने तीनशे चाळीसही गाण्यांतून आपोआप बाद झाली होती.

मूळ, न कापलेल्या फाइल डिस्क भरत आली म्हणून मी पुसल्या होत्या. कॅसेटींना बुरशी लागली होती. त्या भंगारवाल्याच्या गाड्यावर गेल्या. रिसोडच्या भंगाराच्या दुकानात मी जाऊन आलो. दुकानदाराने विचारले, गुरुजी, दोन वर्षांमागचं प्लास्टिक कोठी राह्यते. शेवटी भाच्याला कळवणे भाग होते. मूळ रेकॉर्डिंग पुसू नका, असे त्याने मला कधीकाळी बजावले होते. तो म्हणाला, "मामा, मी सांगतलं होतं तुमाले." मी त्याच्याशी तेव्हापासून बोललेलो नाही. बरोबर असल्याबद्दल मी त्याला क्षमा करू शकत नाही.

बाईने पेटी आणि स्पीकर आपल्या खोलीत हलवून घेतले. माझ्या कामाला ती नावे ठेवत नाही. कोणी विचारले तर, भावाने गाणी साफ करून दिली, असे सांगते. एवढेच, आणि त्याच स्वरात, ज्या स्वरात मी निकालपत्रावर 'समाधानकारक' लिहीत असे.

गेल्या आठवड्यात ती एकच गाणे पुन्हा पुन्हा लावत असल्याचे माझ्या ध्यानात आले. दोनशे सतरावे. मी कॉम्प्युटरवर ते उघडून पाहिले. त्या दिवशी माझी कात्री क्षणभर उशिरा पडली होती. निरोपाच्या गाण्याच्या शेपटाला डब्याचा एक खडखडाट राहून गेला आहे, आणि त्यावर एका बायकी, बेसूर आवाजाचा अर्धा शब्द. मी दाराशी जाऊन विचारले की ते गाणे वेगळे काढून, आवाज मोठा करून देऊ का.

"हात लावू नको त्याले," ती आतून म्हणाली.

आता रोज संध्याकाळी दार लोटलेले असते. गाणे संपते, डबा एकदा खडखडतो, "गो" एवढे ऐकू येते. उरलेले वाक्य बाई स्वतः म्हणते, माहेरच्या गोट्यांपर्यंत, आणि बटण मागे फिरवते. मी व्हरांड्यात बसून ऐकतो. मला आत बोलावले जात नाही.