जिनोची लिंबं आणि माझा नमस्कार

चहा आधी संपवा, मग सांगतो. नाहीतर ठसका लागेल. एका सज्जन माणसाच्या शेवटच्या सामन्याचं मी वाटोळं केलं. तेही हात जोडून!

थोडे महिने मुलाकडे राहावं म्हणून मेलबर्नला, क्रेगीबर्नला आलो आणि करोनाने विमानंच बंद पाडली. शाळेचं तोंड मी पाहिलं ते पोराला सोडायला गेलो तेव्हा. इंग्रजी कुठून येणार? मुलगा संदीप दिवसभर खोलीत लॅपटॉपशी बोलायचा, सून शिफ्टला जायची. मी आपला मागच्या अंगणात.

कुंपणापलीकडे जिनो. इटलीचा, माझ्याच वयाचा. तरुणपणी तिकडे फुटबॉल खेळायचा. मग गुडघा गेला, तेव्हापासून मॅनेजर. आता साठीपुढच्या म्हाताऱ्यांची टीम सांभाळायचा. हे संदीपने सांगितलं. जिनोनेही सांगितलं असणार, रोज सांगायचा काहीतरी. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं नव्हतंच, त्यामुळे गप्पा छान रंगायच्या! तो हातवारे करायचा, मी भजनात बसल्यासारखी मान डोलवायचो. म्हातारं माणूस मनातलं बोलतंय, त्याला नाही कसं म्हणायचं?

जवळ जायची बंदी, म्हणून तो आपल्या झाडाची लिंबं कुंपणावरून फेकायचा. मी झेलायचो. उभा जन्म वीटभट्टीवर फेकलेली वीट झेलण्यात गेलाय माझा, लिंबू म्हणजे काय मोठंसं? डावीकडे टाक, उजवीकडे टाक, एक खाली पडू दिलं नाही. जिनोचे डोळे चमकले. त्याने काहीतरी लांबलचक विचारलं. मी मान डोलवली.

मग कुंपणावरून हिरवा सदरा आणि जाड हातमोजे आले. मला वाटलं, आहेर! आहेर काय नुसता घ्यायचा? मी नारळ आणि माझी नवी टोपी धाडली. त्याने टोपी घातली, छातीवर हात ठेवला. सुनेला म्हटलं, "बघ, माणसं कशी असतात!"

निर्बंध उठले आणि एका रविवारी जिनो गाडी घेऊन दारात. डोक्यावर माझी टोपी. मीही धोतरावर हिरवा सदरा चढवून तयार. सत्कारच असणार!

संदीप त्याच्याशी बोलला आणि कपाळावर हात मारला.

"अप्पा, तुम्ही यांच्या टीमचे गोलकीपर आहात."

"कधीपासून?"

"लिंबांपासून! तुम्ही हो म्हणालात म्हणे. यांचा जुना कीपर क्वीन्सलँडला गेला. मॅनेजर म्हणून हा यांचा शेवटचा सामना, जिंकून थांबायचंय त्यांना. नाही म्हणून सांगू?"

मी जिनोकडे पाहिलं. टोपी सरळ करत होता बिचारा. मी पुन्हा मान डोलवली.

साठीपुढच्यांचा खेळ, धावायचं नाही, चालायचं. आणि खरं सांगतो, मी बरा खेळलो! चेंडू म्हणजे मोठं लिंबू. सामना संपत आला तरी बरोबरी. तेवढ्यात समोरच्यांना पेनल्टी मिळाली. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ चेंडूमागे उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

गाडीत संदीपने बजावलं होतं, "अप्पा, कुणाशी हात मिळवायचा नाही हं. लांबून नमस्कार." आता वयस्कर माणूस हात करतोय आणि आपण दगडासारखं उभं राहायचं? मी दोन्ही हात जोडले, मान खाली घातली.

चेंडू कानाजवळून गेला. तो हात मला नव्हताच हो! पंचांना 'मी तयार आहे' म्हणून खूण होती.

सामना गेला. जिनो डोक्यावरची टोपी काढून माझ्यापाशी आला. मग बोलला ते संदीपने मान खाली घालून मला सांगितलं, "म्हणतायत, रडणारे कीपर पाहिले, भांडणारे पाहिले. चेंडूचं स्वागत करणारा हा पहिलाच."

असल्या पराभवावर थांबणार नाही म्हणून जिनो अजून मॅनेजरच आहे. तो एकदाचा घरी बसेल म्हणून वाट पाहणारी त्याची बायको माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

लिंबं मात्र येतात. फक्त आता तो फेकत नाही. दुखरा गुडघा धरत, सगळा वळसा घालून पुढच्या दाराने येतो आणि एकेक लिंबू माझ्या हातात ठेवून वरून माझी मूठ मिटतो.