दुसरा नळ

मेम्ब्रेनवर काम करायला लागून मला वीस वर्षं होतील. पाणी दाबाने एका बारीक पडद्यातून ढकलायचं आणि क्षार मागे अडवायचे, एवढाच माझा धंदा. यवतमाळच्या नोकरदार घरातली मुलगी केमिकल इंजिनिअर झाली याचं घरी फार कौतुक, आणि मलाही स्वतःचं काही कमी नाही. कोणी माझ्या प्रकल्पाला नावं ठेवली की माझं टाळकं सरकतं.

मामीचं गाव केळापूरच्या पुढे. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. गावात बहुतेकांच्या दातांवर तपकिरी पट्टे. मामीचे तर गुडघेही पन्नाशीतच धरले. सहा वर्षांपूर्वी तिथल्या आरओ प्रकल्पाचं काम मी मागून घेतलं. मामीची नात तेव्हा तान्ही होती. या पोरीचे दात तरी नीट येऊ दे, एवढंच मामीने माझ्याकडे मागितलं.

पडद्यापलीकडे चांगलं पाणी जातं. अलीकडे उरतं त्यात सगळं फ्लोराइड साठतं, बोअरच्या पाण्यापेक्षाही जास्त. ते थेट नालीत सोडायचं, असा नकाशा होता. पण उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात एवढं पाणी डोळ्यांदेखत वाया जाताना मला बघवेना. मी त्या पाइपला दुसरा नळ बसवला आणि वर पाटी लावली : फक्त धुण्याभांड्यासाठी. ही अक्कल माझीच. उद्घाटनाला लोकांनी त्या नळाचंच जास्त कौतुक केलं, आणि मी फुशारले.

दरवर्षी एकदा मी जायची. पहिल्या नळाचं पाणी तपासायची, आकडे उत्तम निघायचे, मामीकडे चहा घेऊन परतीची बस गाठायची. यंदा दिवाळीत मात्र मुक्काम केला. सकाळी मामी वरणाचा कुकर लावत होती. प्यायचं पाणी स्टीलच्या पिंपात होतं. तिने तांब्या बुडवला तो शेजारच्या निळ्या ड्रममध्ये.

हे कुठलं पाणी, मी विचारलं. दुसऱ्या नळाचं, ती म्हणाली. चांगलं पाणी घराला रोज एकच कॅन मिळतं, ते प्यायला आणि चहाला पुरतं. स्वयंपाक पहिल्यापासून याच पाण्यात. गावात सगळ्यांकडे तसंच.

"उकळी फुटल्यावर काय राह्यते त्यात? सारं मरून जाते."

फ्लोराइड मरत नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. हे मी कितीतरी सभांमध्ये सांगितलं आहे, मामीच्या ओट्यापाशी कधी नाही. तिथेच उभ्याउभ्या तिला सांगितलं. तिने तांब्या खाली ठेवला.

"मंग पहिलेच काहून नाही सांगितलं? मले वाटलं, माह्या भाचीनं बसवला नळ, त्याचं कायचं भेव?"

मी पान्याने तो नळ काढला आणि पाइप नालीत सोडला. परत आले तेव्हा नात ओसरीत बसून पुढचा हलणारा दात जिभेने ढकलत होती. उष्टावणापासून ती त्याच पाण्यातलं वरण खात आली आहे.

पक्का दात लहानपणीच हिरडीच्या आत घडतो. काही वर्षांनी तो नुसता दिसायला लागतो. फ्लोराइड लागलेला दात आधी खडूसारखा पांढरा येतो, तपकिरी पट्टे मागून चढतात. हे मी मामीला सांगितलं नाही. भ्याले, दुसरं काय.

संक्रांतीच्या आधी मामीचा व्हिडिओ कॉल आला. तिने एका बोटाने नातीचा ओठ वर उचलून धरला होता.

"पाह्य बरं, आला नवा दात. आमच्या घरात कोणाचाच नाही असा. चुन्यावानी पांढराफटक."

नात हसत होती.

"तुह्यामुळं झालं बाई हे," मामी म्हणाली.

मी हो म्हणाले.