गोळी न देणाऱ्या डॉक्टरबाई

कराडच्या आमच्या डॉक्टरबाईंना गोड बोलता येत नसे. माझी पाळी बंद होऊन बरेच महिने झाल्यावर आई मला कुंडलहून त्यांच्याकडे घेऊन गेली. त्यांनी माझं मनगट दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "वा! सोळाव्या वर्षी एवढासा हात. बरीच मेहनत घेतलेली दिसते."

मेहनत घेतलीच होती. एका लग्नात कुणीतरी म्हणालं, बारीक झालीस, छान दिसतेस. मग मी आधी भात सोडला, नंतर भाकरी, नंतर रात्रीचं जेवणच. केस गळू लागले, भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, तरी भावकीत माझं कौतुक चालूच होतं. पाळी थांबल्यावर मात्र सगळे घाबरले. आता प्रश्न पोरीच्या जिवाचा नव्हता, लग्नाचा होता!

आईने गोळी मागितली. "आवं बाई, तेवढी पाळी येऊ द्या. उद्या लगीन करायचं हाय."

"गोळीने रक्त येईल, पोरगी बरी होणार नाही," बाई म्हणाल्या. "पोटात अन्न नाही म्हणून शरीराने ते काम बंद ठेवलंय. ते शहाणं आहे. तुमचं काय?"

मग सुरू झालं ते औषध म्हणजे जेवण, सांगलीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे फेऱ्या आणि बाईंचे टोमणे. एकदा मी तांब्याभर पाणी पिऊन वजनकाट्यावर उभी राहिले. बाईंनी आकडा पाहिला. "फारच प्रगती. आता लघवीला जाऊन ये, मग आनंद साजरा करू."

पुढे वजन खरंच वाढलं, पण पाळी येईना. जाडही झाले आणि पाळीही नाही, म्हणून मी त्यांच्यासमोर रडले. त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही. "तू शरीराला किती फसवलंस? ते लगेच कसा विश्वास ठेवेल? खात राहा."

पाळी आली ती सांगलीच्या कॉलेजात असताना. आई पेढे आणि मला घेऊन कराडला धावली. मला मात्र आता आपण अंगाने फारच सुटलो, एवढंच वाटत होतं. मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी पेढा माझ्या हातात ठेवला. "पाळी आली म्हणजे आजार गेला असं नाही. हा माझ्यासमोर खा." मला तो संपवायला फार वेळ लागला. बाहेर पेशंट खोळंबले होते. बाई बसून राहिल्या.

खरोखर बरी झाले ती त्यानंतर बऱ्याच काळाने. शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या, "पुन्हा इथं दिसलीस तर दार लावून घेईन." मी गेले नाही. यंदा त्या वारल्याचं कळलं आणि मी कराड गाठलं. दवाखान्याचं दार उघडंच होतं. आत माझ्याच वयाच्या कितीतरी बायका बसल्या होत्या. त्यांनाही बाईंनी दार लावून घेईन म्हणूनच बजावलं होतं.