घोंगडी-काठी आणि थकलेला हप्ता

माझ्या घराच्या भिंतीवर लाल रंगानं अक्षरं काढणारा माणूस शीळ वाजवत होता. मी कापसाच्या जिनिंगवरून कामाहून आले तेव्हा 'हे घर' एवढं लिहून झालं होतं. मग त्यानं 'तारण आहे' लिहिलं, खाली कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव. दाराच्या अगदी शेजारी. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता यावं एवढी मोठी अक्षरं. निम्मी गल्ली बघायला उभी होती.

"भित कावून रंगवायलाव?" मी विचारलं.

मोटारसायकलवर बसलेला वसुलीवाला बोलला. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात गुटखा.

"हप्ते थकलेत बाई. मालकाला बोलवा तुमच्या."

"घर माझ्या नावावर हाय. मला सांगा."

तो हसला. रंगवणाऱ्याकडे बघून म्हणाला, "ऐकलं का बे, मालकीणबाई हायेत." मग माझ्याकडे वळला. "तुमी तर पालात राहणारी माणसं. घर राहिलं काय अन् गेलं काय, तुमाला काय फरक पडतो?"

गर्दीत एक बाई हसली. कोण ते मी मुद्दाम बघितलं नाही. बघितलं असतं तर नळावर तिच्याशी रोज बोलणं अवघड झालं असतं.

त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. आम्ही धनगर. माझा जन्म पालातला, कपिलधारच्या डोंगराकडं बाप मेंढरं घेऊन गेला होता तेव्हाचा. पण पालात राहिलेल्या माणसाला घराचं काही वाटत नाही, हे कुणी ठरवलं? वादळात पाल उडू नये म्हणून आई खुंटा धरून बसायची आणि आम्ही भावंडं तिला धरून बसायचो. ज्या गावाजवळ उतरायचो तिथला कुणीतरी सकाळी येऊन विचारायचा, कधी उठणार? लहानपणापासून मी तो एकच प्रश्न ऐकत आले. कुणी उठवणार नाही अशी जागा मला पाहिजे होती. बाकी मला काहीच नको होतं.

म्हणून लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही मेंढरं विकली. सगळी. नवऱ्यानं त्यातून एक जुना टेम्पो घेतला, उरलेलं घराच्या पहिल्या भरण्यात घातलं आणि बाकीचं कर्ज काढलं. कर्जाचा एजंट तेव्हा आमच्याकडे चहा प्यायला यायचा. घर बाईच्या नावावर घ्या, म्हणाला, सरकार व्याजात सूट देतं. तेव्हा सगळ्यांना माझं नाव पाहिजे होतं. माझा फोटो, माझी सही, माझा अंगठासुद्धा. सासरे त्या वेळी जिवंत होते. ते म्हणाले, "सून मालकीण झाली, चांगलं झालं." त्यांना ते खरंच वाटलं होतं. मलाही.

नवरा दिंद्रुडच्या व्यापाऱ्यांचा माल टेम्पोत वाहायचा. हप्ते वेळेवर जायचे. मग एका उतारावर टेम्पो उलटला. नवऱ्याच्या पायात सळई घातली, टेम्पो भंगारात गेला. कुबड्या त्याला कधी जमल्या नाहीत, बगलेत टोचतात म्हणायचा. सासऱ्यांची मेंढरामागची काठी घरात होती, ती धरून तो चालायला लागला. माझ्या जिनिंगच्या मजुरीत घर चालत होतं, घराचा हप्ता जात नव्हता. एवढीच गोष्ट. आम्ही चैन केली नव्हती.

त्याच सुमाराला कळलं की सरकार मदत करणार आहे. ज्या घरातलं कमावतं माणूस अपघातानं किंवा आजारानं बसलं, त्याचे काही महिन्यांचे हप्ते सरकार भरणार. अर्ज घेतला की निकाल लागेपर्यंत कंपनीनं घराला हात लावायचा नाही. मी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मजुरी पाडून तालुक्याच्या सरकारी ऑफिसात गेले.

खिडकीतल्या क्लार्कनं वर न बघताच विचारलं, "मालक कुठाय?"

"मीच हाय."

"तसं न्हाई हो. घरचा मालक. माणूस."

"घर माझ्या नावावर हाय साहेब."

"ते कागदावर. बोलायला मालकाला आणा."

पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन गेले. रिक्षातून उतरताना त्याचा जीव जात होता. क्लार्कनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "यांचा काय संबंध? घर तर बाईच्या नावावर आहे. बाईंची हजेरी लागेल." मी शेजारीच उभी होते. मी म्हणाले, मी इथंच हाय की. तो म्हणाला, आता जेवणाची सुट्टी झाली.

अशी आमची ये-जा चालली; अर्ज दिला होता, पण घेतल्याची पावती मिळत नव्हती. सही माझी लागायची आणि बोलणं नवऱ्याचं लागायचं. मी बोलले की खिडकीतले लोक माझ्या खांद्यावरून मागं बघायचे, कुणी पुरुष आहे का म्हणून. इतका संताप यायचा की परतीच्या वाटेवर मी नवऱ्यावरच खेकसायचे. आणि इकडं वसुलीवाल्यांचे फोन चालूच होते. मदतीचा अर्ज दिलाय सांगितलं की म्हणायचे, सरकार देईल तेव्हा देईल, तुम्ही भरा. भिंत रंगवली तीही याच दिवसांत.

एके दिवशी ऑफिसातून फोन आला. मोठ्या साहेबांनी बोलावलंय. गेले तर साहेबांनी चक्क बसायला खुर्ची दिली. मी समजले, काम झालं.

"तुमची निवड झालीय," साहेब म्हणाले. "मंगल कार्यालयात शिबिर आहे, मोठे पाहुणे येतायत. तुम्ही स्टेजवर. आणि तुमच्या मालकांना पोशाखात आणा. फेटा, घोंगडी, काठी. पाहुण्यांचा सत्कार त्यांच्या हातून करू. फोटो चांगला येतो."

आमच्यात घोंगडी-काठी देऊन मान करतात. ज्याच्याविषयी मनात काही असतं, त्याचा करतात. कुणी तो मागून घेतल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"साहेब, मदत मंजूर झाली का?" मी विचारलं.

"सत्कार होऊ द्या हो. सगळं होतं."

घरी येऊन सांगितलं तर नवरा आधी हसला. "मेंढरं न्हाईत अन् फेटा कशाला?" मग ट्रंकेतून सासऱ्यांची घोंगडी काढून त्यानं उन्हात टाकली. घर वाचणार असेल तर फेट्यानं काय होतंय, असं आम्ही दोघांनीही ठरवलं. पण सत्कारासाठी वेगळी काठी न्यावी लागेल, हे ना त्याला सुचलं ना मला. ऑफिसवाल्यांना तर सुचायचा प्रश्नच नव्हता. मेंढक्याकडं काठी एकच असते. ती सासऱ्यांकडून याच्याकडं आली होती आणि आता त्याचा पाय झाली होती. दुसरी काठी हा विचारच आमच्या डोक्यात येत नाही.

मंगल कार्यालय भरलेलं होतं. बायकांना पुढं बसवलं होतं, गर्दी दिसावी म्हणून. नवरा एक हात माझ्या खांद्यावर आणि एक काठीवर ठेवून स्टेजवर चढला. मला बाजूला, जरा मागं उभं राहायला सांगितलं. माइकवरचा माणूस सुरू झाला, "काल-परवापर्यंत रानोमाळ भटकणारं हे कुटुंब आज सरकारच्या कृपेनं हक्काच्या घरात..." घराच्या भिंतीवर काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नव्हतं. किंवा होतं.

नवऱ्यानं पाहुण्यांच्या खांद्यावर घोंगडी ठेवली. टाळ्या झाल्या. साहेब मागून दबक्या आवाजात म्हणाले, "काठी द्या, काठी."

नवऱ्यानं काठीकडं बघितलं. मग मान वळवून माझ्याकडं. तेवढ्यात साहेबांनीच ती त्याच्या हातातून सोडवून पाहुण्यांच्या हातात दिली.

पाहुण्यांनी काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. फोटोवाले पुढं आले. एक जण ओरडला, "दादा, जरा सरळ उभे राहा. हसा." माझा नवरा सरळ उभा राहायला बघत होता. त्याचा धड पाय थरथरायला लागला. हात काहीतरी धरायला हवेत फिरला, तिथं काही नव्हतं. आणि तो गुडघ्यावर पाहुण्यांच्या पायाशी कोसळला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधीपेक्षा जास्त. त्यांना वाटलं, उपकारानं भारावून पाय धरतोय. पाहुण्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी खाली वाकून त्याच्या डोक्यावर, फेट्यावर हात ठेवला. त्याचाही फोटो निघाला. नवऱ्याचं तोंड वेदनेनं वाकडं झालं होतं. ते मला दिसत होतं, कारण मी त्याच्याच बाजूला उभी होते. एवढ्या माणसांत ते दुसऱ्या कुणाला दिसू नये?

त्या वेळी माझ्या डोक्यात काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. भीती गेली एवढं खरं. मी पुढं गेले आणि पाहुण्यांच्या हातातली काठी धरली. त्यांनी सोडली नाही, त्यांना वाटलं फोटोसाठी मीही धरतेय. मी ओढली.

"घोंगडी ठेवा," मी म्हणाले. "ती दिली तुमाला. काठी न्हाई. तिच्यावर माझा नवरा उभा राहतो."

माइक जवळच होता. सगळ्या हॉलमध्ये ऐकू गेलं. साहेब माझा दंड धरायला आले. मी त्यांच्याकडं बघून म्हणाले, "अन् घर माझ्या नावावर हाय. एक रुपया मदत मिळाली न्हाई अजून. टाळ्या कशाच्या वाजवायलेत?"

कुणीतरी गाणं लावलं. मोठ्यानं. मी नवऱ्याला उठवलं, काठी त्याच्या हातात दिली आणि आम्ही खाली उतरलो. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं सरकून आम्हाला वाट दिली. बाकी कुणी जागचं हललं नाही.

रिक्षात नवरा चिडला. "कावून केलंस तसं? आता मिळतंय का काही?" मी स्वतः हादरले होते. मग तो म्हणाला, "मी पडलो तवा लई दुखलं. एकानं हात न्हाई दिला." आणि रडायला लागला. लग्न झाल्यापासून मी त्याला रडताना बघितलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या अर्जात त्रुटी निघाली. काय त्रुटी ते कुणी सांगत नाही. क्लार्क म्हणतो, साहेबांना भेटा. साहेब भेटत नाहीत. कंपनीनं घर खाली करायची नोटीस पाठवली. मग भावकीतले एक वडीलधारे दादा घरी आले. ऑफिसात त्यांची उठबस आहे. खिशात टाइप केलेला माफीनामा घेऊनच आले होते.

"तुझी सही कर बाई," ते म्हणाले. "माफीनं काय झिजतं माणूस? काम होऊन जाईल तुझं."

नवरा बाजेवर बसला होता. दादा खरं तर त्याच्याशीच बोलत होते. तो म्हणाला, "दादा, घर तिचं हाय. तिला इचारा." हे त्यानं माझ्याकडं न बघता म्हटलं. त्याला घर जाण्याची भीती माझ्याहून जास्त आहे, हे मला माहीत आहे.

मी तो कागद पूर्ण वाचला. त्यात लिहिलं होतं की लाभार्थीचे पती आदरानं पाहुण्यांच्या पाया पडत असताना गैरसमजातून माझ्याकडून अनुचित वर्तन घडलं. सही केली तर ते तसंच झालं होतं असं कायमचं ठरणार. माझ्या सहीनं.

मी म्हणाले, "दादा, चहा घ्या. सही न्हाई करणार."

"अन् मदत?"

"मदत पाहिजे. सोडली न्हाई मी."

ते चहा न घेता गेले.

मला मदत पाहिजे, हे मी इथं पुन्हा सांगते. ताठा दाखवून सरकारचा पैसा नाकारणारी मी कुणी मोठी बाई नाही. माझ्या नवऱ्याचा पाय मोडला आणि माझा हप्ता थकला. अशा घरासाठीच ती मदत आहे. ती कुणाच्या कृपेतून येत नाही आणि ती घेताना मी कुणाचा सत्कार करणार नाही. ऑफिसनं नाही म्हणायचं असेल तर कारणासकट लेखी द्यावं, माझ्या नावानं द्यावं. ते घेऊन मी जिल्ह्याला जाईन. तिथं नाही झालं तर पुढं जाईन. मजुरी पडेल, पडू दे.

आणि कंपनीची माणसं कुलूप घेऊन आली तर दारात मी असेन. मेंढरं विकून घेतलेलं घर आहे, आम्हाला परत जायला रान उरलेलं नाही. इथून मी उठणार नाही.