खाली डावीकडची चकती

माझा डावा डोळा लहानपणापासून नावालाच आहे. समोर कुणीतरी उभं आहे एवढं त्याला कळतं, कोण ते कळत नाही. उजव्याचा नंबर उणे नऊ. म्हणजे आजवर मी जे काही पाहिलं, वाचलं, फळ्यावर लिहिलं, ते सगळं एका डोळ्याच्या आणि एका जाड काचेच्या भरवशावर. अमळनेरच्या एका ज्युनियर कॉलेजात मी गणित शिकवते. एका डोळ्यावर चाललंय हे मुलांना कधी कळलं नाही आणि मलाही त्याचं फारसं काही वाटत नसे. गेल्या दिवाळीपर्यंत.

ती दिवाळी सांगायची तर आधी एका गेमबद्दल सांगावं लागेल. मी नववीत असताना माझा मोठा भाऊ पुण्याच्या होस्टेलवरून एक सीडी घेऊन आला होता. वेगवेगळ्या गेममधली पात्रं एका जागी आणून त्यांची आपसात मारामारी लावलेली, असा तो गेम. दादा तलवारवाली बाई घ्यायचा. मी कुणालाही घेतलं तरी हरायचे, कारण दोघं एकमेकांच्या अंगावर धावले की एका डोळ्याने मला कोण पुढे, कोण मागे तेच समजायचं नाही.

पण मारामाऱ्यांच्या मधे एक बोनसचा राउंड यायचा. त्यात शत्रू नाही. हवेत तरंगणाऱ्या फळ्या आणि दहा गोल चकत्या. दोन मिनिटांत दहाही फोडायच्या. फळीवरून पाय सुटला की खाली काहीच नाही, खेळ तिथेच संपला. गंमत अशी की प्रत्येक पात्राचा हा राउंड वेगळा होता. तलवारवालीच्या चकत्या उंच उड्या मारून मिळायच्या. एक जाडा पैलवान होता, त्याच्या चकत्या भिंतींच्या आड, त्याने धडका मारायच्या. माझा बेडूक. तो भिंतीला चिकटायचा आणि लांब जीभ फेकायचा, म्हणून त्याचा राउंड सगळा विहिरींचा आणि बोळांचा. ज्याला जे जमतं तेच त्याला करायला लावलेलं, आणि ते अगदी त्याच्या ताकदीच्या टोकापर्यंत.

तो राउंड मला आवडायचा, कारण चकत्या पळत नव्हत्या. पाठ करता यायच्या. महिनाभरात मला बेडकाच्या दहाही पाठ झाल्या. दादाला जमत नसे असं घरात एवढं एकच होतं. तरी एका चकतीला मी दर वेळी घाबरायचे. खाली डावीकडे एक अरुंद विहीर होती, तिला तळ नव्हता. तिच्यात उडी टाकायची, पडता पडता जीभ फेकून चकती फोडायची आणि लगेच भिंतीला चिकटायचं. क्षणभर उशीर झाला की बेडूक गेला.

आता दादा जळगावला असतो, ठिबकच्या नळ्यांचं त्याचं दुकान आहे. गेल्या भाऊबीजेला त्याने तोच जुना गेम माझ्या लॅपटॉपवर घालून दिला, माझ्या मुलीसाठी. ती पाचवीत आहे. सुट्टी संपायच्या आधीच्या रविवारी, दुपारी जेवणं झाल्यावर, ती म्हणाली की मामा सांगतो तुला बेडकाचं सगळं पाठ आहे, दाखव. नवरा साक्रीकडे होता. वनखात्यात आहे तो, आणि जंगलात असला की त्याचा फोन लागत नाही. आम्ही दोघीच होतो.

हात विसरले नव्हते. मी वरच्या चार फोडल्या, मग उजव्या बोळातल्या तीन, मग मधल्या फळीखालच्या दोन. मुलगी टाळ्या वाजवत होती. मी थांबले. घड्याळ चालू होतं आणि मला पुढे काय करायचं ते समजेना.

"आई, एक राहिली," ती म्हणाली.

मी विचारलं, कोणती.

"ती काय, खाली डावीकडे. समोर तर आहे."

तिथे काही नव्हतं. चकती नव्हती, विहीरही नव्हती. एक करडा डाग होता, आणि तो गेममधला असेल असं मी धरून चालले होते. मी चेष्टा करतेय असं वाटून ती हसली आणि तिने पडद्यावर बोट ठेवलं. तिचा हात मला दिसत होता, मनगट दिसत होतं, पण बोट मुळापासून पुढे नव्हतंच. मी नजर तिकडे वळवली तर बोट आलं, चकतीही आली. पुन्हा मध्यभागी पाहिलं, दोन्ही गेलं.

मी लॅपटॉप मिटला. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिले आणि पंधरा तारखेवर नजर ठेवली. महिन्याचा शेवटचा आठवडा डावीकडून खाल्ल्यासारखा झाला होता. तेव्हा मला आठवलं की चार-पाच दिवस डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं होत होतं. पेपर तपासून डोळे थकलेत म्हणून मी ते सोडून दिलं होतं. वर्षानुवर्षं डोळ्यांचे डॉक्टर मला सांगत आले होते की एवढ्या मोठ्या नंबराच्या डोळ्यात अशी वीज दिसली तर एक दिवस थांबू नका. मला ते पाठ होतं. तरी मी थांबले होते.

मुलीला काही कळू नये म्हणून मी तिला शेजारी काकूंकडे पाठवलं आणि आमच्या नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या घरी गेले. रविवार असूनही त्यांनी दवाखाना उघडला. औषध घालून बाहुली मोठी केली, दिवा लावला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"डोळ्याचा मागचा पडदा सुटतोय," शेवटी ते म्हणाले. "वरच्या बाजूला फाटलाय, म्हणून तुम्हाला खालचं दिसत नाही. मधला भाग अजून चिकटून आहे. तो आहे तोवर जळगाव गाठा. आज. उद्या नको."

मी विचारलं, मधला भाग सुटला तर. त्यांनी माझ्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले की गाडीत डोकं हलू देऊ नका.

घरी येऊन दादाला फोन केला. जळगावहून यायला त्याला सव्वा तास लागला. तेवढा वेळ मी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उताणी, न हलता पडून होते आणि दर दोन मिनिटांनी छतावरच्या पंख्याकडे पाहून सावली किती पुढे आली ते बघत होते. पंख्याची तीन पाती. दोन दिसतायत, तिसरं अर्धं. मग वाटायचं, मघाशी जरा जास्त दिसत होतं का. मला मोजायची सवय, आणि त्या दिवशी ती सवयच माझ्या जिवावर उठली होती.

रस्त्यात कापसाने भरलेले ट्रॅक्टर होते, त्यांच्यामागे गाडी रखडायची. रखडली की वाटायचं वेळ चाललाय, पुन्हा निघाली की वाटायचं पडदा सुटेल. मी दोन्ही हातांनी डोकं सीटला दाबून धरलं होतं. दादा तीसच्या पुढे जात नव्हता आणि आधीच सांगायचा, खड्डा आहे, धर. काकूंकडून घेतलेली मुलगी मागे बसली होती.

"दादा, मला दिसेल ना?"

तो म्हणाला, "पुढे पूल आहे. धर." त्याचा आवाज फुटला होता. लहानपणापासून मी त्याला कशालाही घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

जळगावच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. सकाळी पहिलं ऑपरेशन तुमचं, म्हणाल्या. आतलं पाणी काढायचं, पडदा जागेवर बसवायचा, लेझरने डागायचा, आणि तो चिकटेपर्यंत दाबून राहावा म्हणून डोळ्यात गॅस भरायचा. बरं होईल असं त्या म्हणाल्या नाहीत. मी वाट पाहत होते की म्हणतील. कागदावर सही करताना मला ओळ सापडली नाही, नर्सने माझं बोट धरून तिथे ठेवलं.

नवऱ्याला रात्री उशिरा फोन लागला आणि तो पहाटेच पोचला होता. ऑपरेशनच्या दाराशी त्याने माझा चष्मा काढून घेतला आणि खिशात ठेवला. चष्म्याशिवाय तो नुसता निळ्या शर्टाचा एक पट्टा झाला. दार लागलं तेव्हा मनात आलं, हेच शेवटचं पाहिलेलं असलं तर.

भूल फक्त डोळ्यापुरती होती. मी जागी होते. मधेच डोळ्याच्या आत एक काळी सळई फिरताना दिसली, आतून, स्पष्ट. ओरडले असते तर डोकं हललं असतं. म्हणून मनात तेराचा पाढा म्हणत राहिले. तेर नव्वे एकशे सतराच्या पुढे मला एकदाही जाता आलं नाही.

त्यानंतर दहा दिवस पालथं पडून राहायचं होतं. जेवायला आणि बाथरूमला उठायचं तेवढंच, तेही मान खाली घालून. दादाच्या घरी पुढच्या खोलीत माझी गादी घातली. उजव्या डोळ्यात गॅस, त्यामुळे नुसता उजेड. डावा तर तसाच. म्हणजे मी आंधळी होते, आणि ती किती दिवसांपुरती ते कुणालाच माहीत नव्हतं. लोक भेटायला यायचे, बसायचे, हळू आवाजात बोलायचे. मी आवाजावरून ओळखायचे. आपण आता असंच जगणार आहोत याचा हा सराव आहे असं मनात यायचं आणि उशी ओली व्हायची. रडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आई गावाहून आली होती. ती फार बोलत नाही. मी हाक मारली की पाठीवर हात ठेवायची आणि अहिराणीत म्हणायची, "मी आठेच शे." मी इथेच आहे. दहा दिवसांत तिने मला याहून वेगळा धीर दिला नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या बोलण्याने मला झोप लागली नाही.

मुलगी मात्र जवळ येत नव्हती. दादाच्या फोनवर मैत्रिणीकडून शाळेचा अभ्यास मागवायची, आतल्या खोलीत बसायची. आजारपणाला घाबरली असेल असं आम्हाला वाटलं. सहाव्या दिवशी दुपारी घरात सगळे झोपलेले असताना ती माझ्या गादीशी येऊन बसली.

"आई, मी खेळायला लावलं म्हणून झालं का?"

मला आधी कळलंच नाही. मग तिने सगळं सांगितलं. पडद्यावर बोट ठेवलं आणि तेव्हापासून तुला दिसेना. मी बोट ठेवायला नको होतं. सहा दिवस ती हे पोटात घेऊन वावरत होती. मी माझ्या डोळ्याची भीती धरून पडले होते आणि त्याच घरात, भिंतीपलीकडे, माझी दहा वर्षांची मुलगी माझ्याहून मोठी भीती एकटी सांभाळत होती.

मान वर करायची नव्हती. मी चाचपडून तिचा हात शोधला. तिला सांगितलं की पडदा आधीच फाटला होता, मलाच कळलं नव्हतं. आणि जळगावच्या डॉक्टर काय म्हणाल्या तेही सांगितलं, की आणखी दोन दिवस गेले असते तर मधला भाग सुटला असता. मी कधी स्वतःहून गेले असते का, मला माहीत नाही. "तू ती चकती दाखवलीस म्हणून आपण त्याच दिवशी निघालो," मी म्हटलं. तिने विचारलं, खरं का. मी म्हटलं, डॉक्टरांनाच विचार. तपासणीच्या दिवशी तिने खरंच विचारलं.

त्या दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसली. मी उशीत तोंड घालून सांगत होते, आता उजवीकडे वळ, थांब, जीभ टाक. ती हळू आवाजात सांगत होती, लागली, नाही लागली. नऊ झाल्या. विहिरीत तिने सहा-सात वेळा उडी टाकली आणि दर वेळी पडली. उद्या बघू, म्हणाली, आणि माझ्या पाठीला टेकून झोपली.

गॅस हळूहळू विरला. आधी नजरेच्या वरच्या टोकाला उजेडाची एक फट आली, मग ती पाण्याच्या पातळीसारखी रोज खाली उतरत गेली. तिच्यातून मला प्रथम दिसली ती आईच्या लुगड्याची किनार. अडीच महिन्यांनी नवा चष्मा मिळाला. खालच्या ओळी सोडल्या तर तक्त्यावरचं बरंचसं वाचता आलं. आलेख कागदावरच्या सरळ रेघा मला आता एका जागी किंचित वाकलेल्या दिसतात. सरळ कुठली ते मला ठाऊक आहे, तेवढ्यावर शिकवणं चालतं. पण उठल्यावर पाय जमिनीवर टेकायच्या आधी मी डावा डोळा झाकते आणि खोलीचे चारही कोपरे आहेत ना ते बघते. हे रोज. वीज चमकली, साध्या ट्यूबलाइटची का असेना, की मी ते कोपरे पुन्हा बघते.

या जूनमध्ये शाळेत नेत्रतपासणी झाली आणि मुलीचा नंबर उणे तीन निघाला. मी तिला घेऊन जळगावला त्याच डॉक्टरांकडे गेले. मला आत येऊ दिलं असतं, पण ती म्हणाली मी एकटी जाते. मी बाहेरच्या बाकावर बसले. समोर पट्ट्या बांधलेले दोघे-तिघे मान खाली घालून बसले होते आणि दाराखालच्या फटीतून आतला दिवा हलताना दिसत होता. मी काहीही मोजलं नाही. मोजायची हिंमतच झाली नाही.

दार उघडलं. डॉक्टर म्हणाल्या, पडदा चांगला आहे, कुठे पातळ नाही, दर वर्षी आणत जा. मुलीच्या बाहुल्या औषधाने मोठ्या झाल्या होत्या, उजेडात तिचे डोळे उघडत नव्हते. तिने माझा दंड धरला आणि आम्ही दोघी जिना सावकाश उतरलो, मी पायऱ्या सांगत, ती डोळे मिटून.