स्पिटफायरची खंडेनवमी

१९९४ साली खंडेनवमीच्या सकाळी, बंगळूरच्या जयनगरमधल्या एका घराच्या पोर्चमध्ये, स्पिटफायर जातीच्या लढाऊ विमानाचा डावा पंख कापराच्या आरतीने वाकला. वैमानिक जागेवरच होता. त्याचा चेहरा मी स्वतः चार केसांच्या ब्रशने रंगवला होता आणि घटनेनंतरही त्यावरचे भाव बदललेले दिसले नाहीत. जीवितहानी झाली नाही.

विमान प्लॅस्टिकचं होतं. खऱ्यापेक्षा अठ्ठेचाळीस पट लहान, म्हणजे पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक वीत. घर माझ्या सासऱ्यांचं. मी मूळचा पुण्याचा, बंगळूरच्या एका वृत्तपत्रात उपसंपादक आणि याच घराच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. (भाडं घेत नसत. त्यामुळे तक्रारही करता येत नसे.)

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. विमानांच्या कारखान्यात त्यांनी जवळजवळ सगळी नोकरी तपासनीस म्हणून केली. दुसऱ्यांनी जोडलेल्या विमानांत दोष शोधणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर विमानं समोर उरली नाहीत आणि त्याच सुमारास मी जावई झालो.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात एक फळी बसवली होती. तिच्यावर आवकाय लोणच्याची चिनी मातीची बरणी ठेवली. त्यापैकी आता भिंत तेवढी शिल्लक आहे. तेव्हापासून मी हातोडीकडे नुसतं बघितलं तरी अण्णा म्हणत, "राहू द्या, मी बघतो." आवाज न चढवता. नळ गळू दे, दाराची कडी निघू दे, "राहू द्या." एकदा मी दिव्याचा बल्ब बदलायला स्टुलावर चढलो तर ते वर्तमानपत्र वाचतावाचता उठले आणि नुसतं स्टूल धरून उभे राहिले!

या पार्श्वभूमीवर मी ब्रिगेड रोडच्या एका दुकानातून स्पिटफायरचा संच आणला. या घरात निदान एक वस्तू माझ्या हातून नीट उभी राहावी आणि ती अण्णांनी पाहून "राहू द्या" न म्हणता दुसरं काहीतरी म्हणावं, एवढाच हेतू होता.

खोक्यात राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि त्यांना फांदीला चिंचा लागाव्यात तसे सुटे भाग लटकलेले. काही तांदळाच्या दाण्याएवढे. पहिल्याच आठवड्यात काळं रंगवलेलं शेपटाचं चाक माझ्या चिमट्यातून उडालं. मी आणि माझी बायको नंदिनी टॉर्च घेऊन जमिनीवर पालथे पडून होतो. चाक शेवटी खाली सापडलं, सासूबाईंच्या सुपात. आमच्याकडून वाटीभर तांदूळ खाली गेले होते, त्यांच्याबरोबर तेही गेलं असावं.

"जावईबापू, हा खडा काळा आहे की हो," अक्का जिन्यातून ओरडल्या. (सासूबाईंना सगळे अक्का म्हणत.) "आणि गोल आहे. तुमचं काय हरवलंय का?"

"चाक!"

"कुणाचं?"

"विमानाचं!"

"अय्यो! मी भाताला लावणार होते की!"

त्या दिवसापासून अक्का या प्रकल्पात भागीदार झाल्या. शेजारणींना सांगू लागल्या, "आमच्याकडे विमान होतंय. मागचं चाक मीच दिलंय."

पावसाळाभर मी ते जोडत होतो. आधी वैमानिकाची बसायची जागा, मग घड्याळांचा फळा, मग दोन फाकांसारखं उघडं असलेलं धड एकमेकांवर मिटायचं. पंखाला हात लावला तेव्हा मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. त्या पंखाच्या कडेला कुठे सरळ रेषाच नाही. बुडापासून टोकापर्यंत तो एकसारखा वळत, निमुळता होत जातो आणि कुठे संपला हे बोटाला कळत नाही. लढाईच्या घाईत, बॉम्ब पडत असताना, कुणीतरी मारायच्या यंत्राला असा आकार दिला होता. संपादकीय टेबलावर मी युद्धाच्या बातम्या रोज कापत असे. या पंखातलं कापण्यासारखं काही मला सापडलं नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी विमान पूर्ण झालं. मी ते पुठ्ठ्यावर ठेवून खाली नेलं. अण्णांनी चष्मा काढला, कपाटातून आपलं जुनं भिंग आणलं, ते डोळ्याला लावलं आणि वाकले. घरात मिक्सर चालू होता, तो नंदिनीने बंद केला. अण्णा नाकापासून शेपटीपर्यंत गेले, दुसऱ्या बाजूने परत आले. खालून पाहण्यासाठी जमिनीवर बसले. मी त्यांना जमिनीवर बसलेलं त्याआधी फक्त आमच्या लग्नात पाहिलं होतं.

"मी कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो," ते शेवटी म्हणाले, "तेव्हा हात लावलेलं पहिलं विमान हेच. जुनं झालेलं, दुरुस्तीला आलेलं. हात लावताना चप्पल काढली होती मी. सगळे हसले."

एवढं बोलून ते उठले. "सरी," म्हणाले, म्हणजे कानडीत 'ठीक आहे'. "विजयादशमीला माझा मित्र मूर्ती आणि बाकीचे कारखान्यातले येणार आहेत. त्यांना दाखवू."

'राहू द्या' नाही! वर आल्यावर मी नंदिनीला तीनदा विचारलं, "सरी म्हणाले ना?"

"म्हणाले रे. आता जेव." (खाली अण्णांसमोर ती मला 'अहो' म्हणते. वरच्या मजल्यावर ही प्रथा नाही.)

इथेच थांबायला हवं होतं. पण अक्का विमान पाहायला आल्या, पदराला हात पुसत, आणि म्हणाल्या, "खेळणं किती छान केलंय!" खेळणं हा शब्द मला लागला. मी म्हणालो, "अक्का, हे खेळणं नाही. खरंच विमान आहे हे. फक्त लहान."

हे विधान मी केलं होतं, याला घरातल्या तिघांचा दुजोरा आहे.

खंडेनवमीला बंगळुरात जे जे चालतं, फिरतं, कापतं किंवा शिवतं त्याची पूजा होते. आमच्या पोर्चमध्ये त्या सकाळी रांगेत अण्णांची स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, विळी, अण्णांचे जाडी मोजायचे जुने कैवार आणि माझं पेन होतं. स्कूटरपुढे कोहळा फुटला होता. तिच्या चाकाखाली लिंबं ठेवून अण्णांनी ती पुढे घेतली होती. लिंबं चिरडली, विघ्नं गेली. मी घंटा वाजवण्याच्या कामावर होतो. (हे काम मला एकमताने दिलेलं होतं.)

"विमान कुठंय?" अक्कांनी विचारलं.

"वर आहे. त्याचं काय?"

"त्याचं काय म्हणजे? वाहन नाही का ते?"

"अक्का, ते... ते प्लॅस्टिकचं आहे."

"मिक्सरचं भांडंही प्लॅस्टिकचंच आहे. खरंच विमान आहे म्हणालात ना तुम्ही? मग पूजेवाचून कसं ठेवायचं? उद्या पाहुणे बघणार, दृष्ट लागेल."

मी अण्णांकडे पाहिलं. "कारखान्यात आम्ही करायचो," ते म्हणाले. "हँगरमध्ये जेवढी उभी असतील तेवढ्यांची. एकही वगळायचो नाही."

विमान खाली आलं. पाटावर ठेवलं गेलं. अक्कांनी प्रथम हळदीकुंकू लावलं, तेही काचेच्या छतावर, नेमकं वैमानिकाच्या डोळ्यांसमोर. मग झेंडूची माळ. माळ विमानापेक्षा जड होती. ती नाकावर चढताच शेपूट उचललं गेलं आणि विमान डोकं टेकून नमस्कार करू लागलं!

"बघा, त्यालाही कळतं," अक्का म्हणाल्या.

माळेची तीन फुलं झाली. मग लिंबाचा प्रश्न आला. अक्कांनी तीन लिंबं काढली, कारण चाकं तीन. (तिसरं चाक कुणामुळे आहे, हे त्यांनी जमलेल्यांना पुन्हा सांगितलं.) एकेक लिंबू विमानाच्या इंजिनाएवढं होतं.

मी उपाय सुचवला. "अक्का, विमान अठ्ठेचाळीस पट लहान आहे. लिंबूही त्याच मापाचं हवं. मोहरी ठेवू."

"मोहरी?"

"हिशोबाने बरोबर आहे," अण्णा म्हणाले. त्यांनी कैवार उचलून लिंबू मोजायलाही घेतलं. "एवढ्याला भागिले अठ्ठेचाळीस... होय, मोहरीच येते. बारीक मोहरी."

"तुम्ही दोघं विमानाची पूजा करताय की त्याला फोडणी देताय?" अक्कांनी विचारलं.

दोन्ही तज्ज्ञांनी मोहरीचा मुद्दा मागे घेतला.

तडजोड अशी ठरली की लिंबू कापून त्याच्या फोडी ठेवायच्या. पुढच्या दोन चाकांखाली दोन फोडी आल्या. पण नंदिनीने कापलेल्या फोडी सारख्या नव्हत्या. उजवी जाड, डावी पातळ. विमान डावीकडे कलून उभं राहिलं, वळण घेत असल्यासारखं. खरं सांगायचं तर फारच सुंदर दिसत होतं.

"लिंबू चिरडलं नाही," अक्का म्हणाल्या. "जावईबापू, स्वल्प वरून दाबा."

"नाही!" मी आणि अण्णा एकदम ओरडलो. त्या घरात आमच्या दोघांचा एकाच वेळी एकच मुद्दा असण्याची ही पहिलीच वेळ.

"बरं, बरं. आरती करू मग."

माझ्या एका हातात घंटा होती, दुसऱ्या हातात फोडलेल्या नारळाची पाण्याने भरलेली वाटी. अक्कांनी तबकात कापूर पेटवला. चांगला मोठा, स्कूटरला होता तेवढाच. (कापराच्या मापाचा विचार आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचला नव्हता.) तबक स्कूटरवरून फिरलं, मिक्सरवरून फिरलं, आणि विमानावर आलं. अक्कांचा हात मायेने खाली, अगदी जवळ गेला. कललेल्या डाव्या पंखाच्या टोकाखालून ज्योत गेली.

मी घंटा जोरात वाजवली. उद्देश धोक्याची सूचना देण्याचा होता.

अक्कांना जावयाचा भक्तिभाव पाहून भरून आलं. त्यांनी तबक आणखी सावकाश फिरवलं.

"अक्का! पंख!"

"आरतीत बोलू नये!"

"अहो, तो वितळतोय!"

"आरती अर्धी सोडायची नसते! वाजवा!"

मी वाजवली. हे मला आजही समजावून सांगता येत नाही, पण मी वाजवली. दुसऱ्या फेरीत पंखाचं टोक चमकलं. तिसऱ्या फेरीत ते अळूचं पान पावसात झुकतं तसं हळूच, काही कुरकुर न करता खाली झुकलं. मी नारळाचं पाणी फेकलं. ते कापराला लागलं नाही. ते अण्णांना लागलं.

आरती पूर्ण झाली.

अक्कांनी तबक खाली ठेवलं, वाकून पंख पाहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी पदराने डोळे टिपले आणि ठाम आवाजात म्हणाल्या, "केवढी दृष्ट होती बघा! एका पंखावर निभावलं. पूजा नसती केली तर सगळं विमान गेलं असतं."

मी विमान वर नेऊन कपाटात ठेवलं आणि दार लावलं. रात्री जेवायला बसलो नाही. नंदिनीने ताट वर आणून ठेवलं. "एवढं मनाला लावून घेतोस?" तिने विचारलं. मी फळीबद्दल काहीतरी बोललो. तिला संदर्भ लगेच कळला.

दुसऱ्या दिवशी अण्णांचे मित्र आले. दिवाणखान्यात गोंबे मांडले होते, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या पायऱ्या, आणि सगळ्यांत वर लाकडी राजाराणी. पाहुण्यांना सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ मिळाली, कॉफी मिळाली. मग अण्णा स्वतः जिना चढून वर आले. "विमान आणा," म्हणाले.

"अण्णा, राहू द्या," मी म्हणालो.

"आणा."

मूर्तींनी विमान हातात घेतलं. तेही कारखान्यातलेच, जोडकाम विभागातले. पंख पाहून त्यांनी कानडीत विचारलं, काय झालं? अण्णांनी एका शब्दात सांगितलं, "आग." आणि भिंग पुढे केलं. "टोक नको बघू. बुडाशी बघ. जिथे पंख धडाला जोडलाय."

मूर्तींनी बराच वेळ पाहिलं. भिंग पुढच्याकडे दिलं. तिघांची डोकी विमानावर एकत्र आली.

"पंख वाकला," अण्णा म्हणाले, "पण सांधा सुटला नाही. केसभरही नाही. मी काल रात्री कपाट उघडून बघितलं."

"कोणी जोडलंय?" मूर्तींनी विचारलं.

"आमच्या जावयांनी."

मी कॉफीचे रिकामे पेले गोळा करून आत गेलो. तिथे अक्का होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक पेढा माझ्या तोंडात कोंबला.

पाहुणे गेल्यावर अण्णांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर पेन्सिलने एक खूण केली. "इथे याच्यासाठी एक छोटी फळी हवी," म्हणाले आणि हातोडी माझ्या हातात दिली. स्वतः. मूठ माझ्याकडे करून.

फळी मी बसवली. अण्णांनी तिच्यावर विमान ठेवलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, "सरी," म्हणाले. मी आपट्याची पानं द्यायला शेजारी गेलो.

परत आलो तेव्हा फळी जमिनीवर होती. विमान सुखरूप होतं. मी बाहेर पडताच अण्णांनी ते उचलून गोंब्यांच्या पायरीवर, राजाराणीच्या शेजारी ठेवलं होतं.