सरलाबाईंच्या मण्यांची खोली

प्रकाशा गावातल्या गुर्जर आळीत क्वचितच एखादं घर असेल, जिथं सरलाबाईंच्या हातचं मोत्यांचं तोरण दाराला लागलेलं नाही. पोपट, हत्ती, कळस, मध्ये गणपती, सगळं बारीक काचमण्यांचं, सुईदोऱ्यानं जाळीसारखं विणलेलं. ही कला त्या माहेराहून शिकून आल्या होत्या. मुलीचं लग्न ठरलं की बायका पत्रिकेआधी सरलाबाईंकडे तोरण सांगून ठेवत.

पण या कामाला घरात कधी हक्काची जागा नव्हती. मणी पिठाच्या डब्यात, दोऱ्याची रिळं पलंगाखालच्या पेटीत, अर्धवट तोरणं साड्यांच्या घड्यांमध्ये. जेवणं उरकली, भांडी झाली की ओसरीवर पसारा मांडायचा आणि कुणी पाहुणा आला की पदरात गोळा करून आत पळायचं. याची त्यांना खंतही नव्हती. माणसांनाच जागा पुरत नाही, मण्यांना कुठून आणायची, असं त्या हसत म्हणायच्या.

एका दिवाळीच्या तोंडावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. नंदुरबारला दवाखान्यात राहिल्या, घरी आल्या, हळूहळू चालू लागल्या. बोलणंही सुधारलं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तसा पडून राहायचा. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम वर्षभर केले, बोटं काही वळली नाहीत. मग एके दिवशी त्यांनी सुनेला, मोहिनीला, सांगितलं की मण्यांचे डबे शेजारच्या गुलाबबाईला देऊन टाक, तिच्या कामी येतील.

मोहिनीनं डबे बाहेर काढले. पण दिले नाहीत. लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिला काही सुचत नसे. सासूबाई मणी ओवायच्या आणि ही शेजारी बसून रंग निवडून द्यायची. दोघींची ओळख झाली ती तशी. तिनं डबे कपाटावर ठेवले आणि रात्रीच्या जेवणात नवऱ्याला म्हणाली की कापसाची खोली मला पाहिजे.

घरामागची ती खोली पूर्वी कापूस भरायला होती. शेतात केळी आली तसा कापूस गेला आणि खोलीत ठिबकच्या जुन्या नळ्या, जळालेली मोटार, खतांची रिकामी पोती साचली. योगेंद्र आधी कुरकुरला, हे सगळं ठेवू कुठं म्हणाला. मग त्यानंच मळ्यात पत्र्याची शेड उभी केली आणि दोन ट्रॅक्टर भरून सामान हलवलं.

फुलीबाई त्यांच्या शेतात कितीतरी वर्षं कामाला येत होती. तिनं आणि मोहिनीनं भिंती खरवडल्या. कोपऱ्याकोपऱ्यांतून जुन्या कापसाचे पुंजके निघाले. फवारणीच्या औषधांचा वास जाईपर्यंत फरशी पुन्हा पुन्हा धुतली, चुना लावला. दिनेश सुतारानं उत्तरेकडे खिडकी बसवली, म्हणजे उजेड येईल पण ऊन येणार नाही. भिंतीला फळ्या ठोकल्या. किराणा दुकानातून मोहिनीनं गोळ्याबिस्किटांच्या रिकाम्या बरण्या आणल्या, एकेक रंगाचे मणी वेगळे केले आणि इंद्रधनुष्यासारख्या ओळीनं मांडले. पांढरे मळतात म्हणून ते सगळ्यात वर.

सरलाबाईंना हात धरून आणलं तेव्हा त्या दारातच थांबल्या. किती वेळ बघत राहिल्या. "छान केलं," एवढंच म्हणाल्या आणि परत फिरल्या. मोहिनीला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर निजलेलं असताना सरलाबाई एकट्याच खोलीत गेल्या. मोत्यांच्या तोरणात पांढरा मणी सगळ्याची जमीन असतो. त्याच्यावर बाकीचे रंग उभे राहतात. त्यांनी डावा हात उंच करून पांढरी बरणी कशीबशी काढली, पोटाशी धरली आणि झाकण फिरवायला गेल्या. बरणी निसटली. मणी खोलीभर उड्या मारत गेले.

आवाज ऐकून मोहिनी धावत आली, तर सासूबाई जमिनीवर बसून एका हातानं मणी गोळा करत होत्या. तीही खाली बसली. दोघी मिळून मणी वेचू लागल्या.

"खोली सुंदर आहे गं," सरलाबाई म्हणाल्या. "पण मला झाकण उघडता येत नाही."

मोहिनीनं भोवती पाहिलं. सगळ्या फळ्या उंच होत्या, टेबल उजव्या हाताला होतं, आणि एकही वस्तू अशी नव्हती जिला दोन हात लागत नाहीत. तिनं मन लावून खोली केली होती, पण केली होती ती झटक्याआधीच्या सासूबाईंसाठी.

"आई, तुम्ही मध्ये खुर्चीवर बसा," ती म्हणाली. "बोट दाखवा. काय कुठं हवं ते मी ठेवते."

मग खोली दुसऱ्यांदा लागली. सरलाबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांचा हात जिथवर पोचेल तिथवर मोहिनीनं खडूनं रेघ मारली. फळ्या खाली उतरल्या, टेबल डावीकडे आलं. झाकणांचं काय करावं असा विचार चालला होता, तेव्हा फुलीबाई म्हणाली, "झाकण कसाले जोयजे? वाटकामा ठेवा ना." म्हणून बिनझाकणाच्या पितळी वाट्या आल्या, पांढऱ्यांची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जवळ. विणकाम धरून ठेवायला दिनेशनं लाकडी चौकट केली आणि शेवयांचं जुनं यंत्र पाटाला आवळायचा जो स्क्रू असतो, तो तिला बसवून चौकट टेबलाला घट्ट केली. दुसऱ्या हाताचं काम ती चौकट करू लागली.

पहिला पोपट महिनाभर चालला. चोच वाकडी झाली, शेपटी उसवावी लागली. वाटीत सुई खुपसून डाव्या हातानं मणी उचलायचा, हे लहान मुलानं घास घ्यायला शिकावं तसं शिकावं लागलं. पण पोपट झाला.

त्या रविवारी सरलाबाईंनी वरण-बट्टीचा बेत करायला लावला आणि योगेंद्रबरोबर दिनेश आणि फुलीबाईलाही जेवायला बसवलं. तूप स्वतः वाढायचं म्हणून भांडं घेतलं, आणि फुलीबाईपुढं थबकल्या. डाव्या हातानं वाढू नये, हे त्या सगळ्या सुनालेकींना शिकवत आल्या होत्या.

फुलीबाईनं ताट पुढं केलं. "वाढ ना माय. हात तुन्हाच शे."

त्यांनी वाढलं. सगळ्यांना वाढलं. मग मोहिनीलाही जबरदस्तीनं पानावर बसवलं आणि तिच्या बट्टीवर तूप जरा जास्तच ओतलं.

"हात गेला तो गेला," त्या म्हणाल्या. "त्याचं मला आता काही नाही. पण तुम्ही मला जशी आहे तशी बसायला जागा केलीत. एवढं मला कुणी आजवर दिलं नव्हतं, आणि मी मागितलंही नव्हतं."

योगेंद्र खाली मान घालून बट्टी कुस्करत राहिला. मोहिनीनं सासूबाईंच्या हातातलं तुपाचं भांडं घेतलं आणि शेजारी त्यांचं पान मांडलं.

हल्ली दुपारी सरलाबाई आपल्या खोलीत असतात. गुलाबबाई येते, कधी फुलीबाई कामावरून जाताना टेकते. सध्या एका मोठ्या तोरणाचं काम चाललं आहे. कुणासाठी, असं लोक विचारतात. कुणाचं लग्न ठरलेलं नाही, त्या सांगतात, मोहिनीच्या माहेरी दाराला तोरण नाही म्हणून. पुढच्या वर्षापर्यंत होईल. एका जागी आता निवांत बसता येतं, पसारा आवरून पळावं लागत नाही. त्यामुळे घाई कशालाच नाही.